लिंबूटिंबूंचा मार्च : अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलची सनसनाटी

मार्चच्या उत्तरार्धात ठाकुर्लीहून सकाळच्या धीम्या लोकलने मुंबई गाठणारा बास्केटबॉलवेडा मोबाइलवरून नजर हटवत नाही. अमेरिकेत तेव्हा रात्र असते आणि महाविद्यालयीन बास्केटबॉल स्पर्धेतील दिवसाचे अखेरचे सामने रंगात आलेले असतात. ज्या महाविद्यालयाचे नावही कधी कानावर पडले नव्हते, त्याने एखाद्या बलाढ्य संघाला धूळ चारली, की हजारो मैल दूरच्या या चाहत्याचाही दिवस सार्थकी लागतो.

'मार्च मॅडनेस' या नावाने ओळखली जाणारी एनसीएएची ही स्पर्धा 1939 मध्ये अवघ्या 8 संघांनिशी सुरू झाली. 1985 मध्ये संघांची संख्या 64 आणि 2011 मध्ये 68 झाली. संघांची विभागणी चार गटांत होते आणि प्रत्येक गटात 1 ते 16 अशी मानांकने दिली जातात. पहिल्या फेरीत अग्रमानांकिताची गाठ सोळाव्या मानांकिताशी, दुसऱ्याची पंधराव्याशी पडते. पद्धत सरळ बाद फेरीची. एक सामना गमावला, की गाशा गुंडाळायचा.

135 सामन्यांनंतर

1985 पासून पुरुषांच्या स्पर्धेत अग्रमानांकितांनी सोळाव्या मानांकितांविरुद्धचे सलग 135 सामने जिंकले होते. 16 मार्च 2018 रोजी (भारतात 17 मार्चच्या सकाळी) ही मालिका खंडित झाली. मेरीलँडमधील यूएमबीसी या विद्यापीठाने व्हर्जिनियाला 74-54 असे नमविले. निसटता नव्हे, तब्बल 20 गुणांचा विजय! विशेष म्हणजे याच व्हर्जिनियाने पुढच्या वर्षी, 2019 मध्ये, विजेतेपद पटकावले.

2023 मध्ये इतिहासाची पुनरावृत्ती झाली. न्यू जर्सीतील फेअरली डिकिन्सन हा सरासरी उंचीच्या बाबतीत पहिल्या श्रेणीतील सर्वांत बुटका संघ होता. त्याच्यापुढे होता 7 फूट 4 इंच उंचीच्या झॅक इडीचा परड्यू संघ. निकाल लागला 63-58, तोही बुटक्यांच्या बाजूने. महिलांनी मात्र हा पराक्रम कितीतरी आधी केला होता. 1998 मध्ये सोळावे मानांकन असलेल्या हार्वर्डने स्टॅनफर्डला 71-67 असे हरविले होते.

धक्के का बसतात?

पहिले कारण स्पर्धेच्या रचनेतच आहे. एनबीएच्या बाद फेरीत सात सामन्यांची मालिका असते, तेथे सरस संघाला सावरायला वाव मिळतो. येथे सारा खेळ 40 मिनिटांचा. दुसरे कारण तीन गुणांच्या फेकीचे. 2024 मध्ये ओकलंड विद्यापीठाच्या जॅक गोल्कीने अशा 10 यशस्वी फेकी करून बलाढ्य केंटकीला घरी धाडले. तिसरे कारण अनुभवाचे. मोठ्या महाविद्यालयांतील प्रतिभावान खेळाडू अनेकदा वर्षभरातच एनबीएची वाट धरतात. छोट्या संघांतील मुले मात्र तीन-चार वर्षे एकत्र खेळून एकमेकांना पुरती ओळखून असत.

क्रिकेटरसिकांना हा थरार परका नाही. मे 1991 मध्ये वानखेडेवरील रणजी अंतिम सामन्यात हरियानाने मुंबईवर 2 धावांनी मात केली होती. 1983 चा योगायोग तर विलक्षण आहे. एप्रिलमध्ये नॉर्थ कॅरोलिना स्टेटने अखेरच्या क्षणी बलाढ्य ह्यूस्टनला 54-52 असे हरवून विजेतेपद मिळविले आणि जूनमध्ये कपिलदेवच्या संघाने लॉर्ड्सवर वेस्ट इंडिजला नमविले.

पैशाची सावली

छोट्यांच्या या सणावर आता पैशाची सावली पडली आहे. खेळाडूंना वर्षभर बाहेर न बसता दुसऱ्या महाविद्यालयात जाण्याची मुभा 2021 मध्ये मिळाली. त्याच वर्षी स्वतःच्या नावाच्या जाहिरातींतून कमाई करण्याचा मार्गही खुला झाला. 2025 पासून तर विद्यापीठे खेळाडूंना थेट मोबदला देऊ शकतात. वर्षानुवर्षे विनामोबदला घाम गाळणाऱ्या खेळाडूंना हे उत्पन्न न्याय्यच म्हणावे लागेल. परंतु छोट्या महाविद्यालयाने घडविलेला खेळाडू चमकला, की श्रीमंत विद्यापीठ त्याला उचलून नेते.

जर्सी सिटी या भारतीयांची मोठी वस्ती असलेल्या शहरातील सेंट पीटर्सचे उदाहरण बोलके आहे. 2022 मध्ये पंधरावे मानांकन असूनही या संघाने केंटकी, मरी स्टेट आणि परड्यूला हरवून गटाची अंतिम फेरी गाठली. असा पराक्रम करणारा तो पहिलाच पंधरावा मानांकित. हंगाम संपताच प्रशिक्षक शाहीन हॉलोवे दुसऱ्या विद्यापीठात गेले आणि संघही विखुरला.

2025 मध्ये शेवटच्या चार संघांत चारही अग्रमानांकित पोहोचले. यापूर्वी असे केवळ 2008 मध्ये घडले होते. शेवटच्या 16 संघांत मोठ्या चार परिषदांबाहेरचा एकही संघ नव्हता. एका वर्षाच्या निकालावरून निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. पण लिंबूटिंबूंना पहिल्या फेरीचे पाहुणे एवढेच स्थान उरले, तर ही स्पर्धा आपले खरे वैभव गमावून बसेल. अजिंक्य संघ पाहण्यासाठी एनबीए आहेच. मार्चमध्ये चाहता जागतो, तो दुबळ्याच्या विजयासाठी.

दृष्टिक्षेप

* 1985 : आठव्या मानांकित व्हिलानोव्हाला विजेतेपद. अंतिम फेरीत जॉर्जटाऊनवर 66-64 अशी मात.
* 2006 : अकरावा मानांकित जॉर्ज मेसन शेवटच्या चार संघांत.
* 64 संघांच्या 63 सामन्यांचे निकाल नाणेफेकीप्रमाणे वर्तविले, तर शक्यतांची संख्या 9 वर 18 शून्यांहून अधिक.