टेम्सचे पाणी आणि लंडनचा नगरकारभार

पुण्याचे सांडपाणी, शुद्ध केलेले आणि न केलेले, मुळा-मुठेतून भीमेला मिळते. भीमा ते उजनीच्या जलाशयात नेते. त्या जलाशयाचे पाणी सोलापूरकर पितात, आणि तेच पुढे पंढरपुरास चंद्रभागेच्या नावाने वारकऱ्यांच्या ओंजळीत येते. पुण्याच्या महापालिकेला मते देतात पुणेकर. सोलापूरकर देत नाहीत आणि वारकरी तर नाहीतच. नदीच्या प्रदूषणाचा निम्मा प्रश्न या एवढ्याशा गोष्टीत आहे, असे आम्हांस वाटते. हा प्रश्न प्रथम कोठे उभा राहिला व त्याचे पुढे काय झाले हे पाहू गेल्यास लंडनकडे वळावे लागते. आपल्या नगरसंस्था इंग्रजी अमदानीत त्याच वळणावर घडल्या, म्हणून तिकडचा इतिहास आपणांस अगदीच परका नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये घराघराखाली मैलखड्डे असत. ते उपसून मैला गाड्यांनी बाहेरच्या शेतकऱ्यांकडे जाई. आपण ज्याला सोनखत म्हणतो तोच हा व्यवहार. पण शहर वाढले, शेते दूर गेली, आणि दक्षिण अमेरिकेतून पक्ष्यांच्या विष्ठेचे ग्वानो खत येऊ लागल्यावर मैल्याला गिऱ्हाईक उरले नाही. त्याच सुमारास पाण्याच्या झोताने धुतल्या जाणाऱ्या शौचकूपांची फॅशन वाढली. १८४८ साली स्थापन झालेल्या गटार आयुक्तमंडळाने मैलखड्डे बुजवून घरांची मोरी सार्वजनिक गटारास जोडण्याचा हुकूम काढला. ही गटारे मूळची पावसाच्या पाण्यासाठी, आणि ती सगळी टेम्समध्ये उतरत. थोडक्यात, आरोग्याच्या नावाखाली सुमारे तेवीस लाख लोकांचा मैला नदीत सोडण्यात आला. मैल्यापासून उठणारी दुर्गंधी हेच रोगाचे कारण, असे एडविन चॅडविक व त्यांचे सहकारी प्रामाणिकपणे मानीत. घरातील दुर्गंधी गेली म्हणजे काम झाले. ती गेली कोठे, हा प्रश्न कोणी फारसा विचारला नाही. गंमत अशी की लंडनच्या कित्येक पाणी-कंपन्या याच नदीचे पाणी उपसून घरोघर पुरवीत होत्या.

१८५४ च्या पटकीच्या साथीत डॉक्टर जॉन स्नो यांनी सोहोतील ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाकडे बोट दाखवले, आणि सेंट जेम्स पॅरिशच्या पंचांनी त्या पंपाचा दांडा काढून टाकला. ही गोष्ट वैद्यकाच्या पुस्तकांत पुष्कळदा येते. आमच्या दृष्टीने तिच्यातील ध्यानात घेण्याजोगी बाब म्हणजे दांडा काढणारे हे मोहल्ल्याचे पंच होते, वरिष्ठ सरकार नव्हे. पुरावा पुरता पटला नव्हता तरी त्यांनी हात हलवला. पण एका पॅरिशच्या हातात एक पंप होता, नदी नव्हती. लंडनचा कारभार त्या वेळी सुमारे तीनशे लहानमोठ्या मंडळांत वाटलेला होता. एकाच रस्त्याची डावी बाजू एकाकडे आणि उजवी दुसऱ्याकडे असा प्रकार असे.

१८५५ साली पार्लमेंटने कायदा करून पॅरिशच्या सभांनी निवडून दिलेल्या प्रतिनिधींचे एक महानगर बांधकाम मंडळ नेमले आणि भुयारी गटारांचे काम त्याच्याकडे सोपवले. जोसेफ बॅझलगेट हे त्याचे मुख्य अभियंता. त्यांची योजना अशी : नदीला समांतर, पूर्वपश्चिम मोठी गटारे बांधावयाची, नदीकडे उतरणारी जुनी गटारे त्यांत अडवावयाची, आणि सर्व मैलापाणी शहराच्या पूर्वेस नेऊन ओहोटीच्या वेळी नदीत सोडावयाचे, म्हणजे ते समुद्राकडे वाहून जाईल. कायद्यात मात्र एक मेख होती. योजनेस सरकारी बांधकाम आयुक्तांची मंजुरी लागे. आयुक्त सर बेंजामिन हॉल यांनी हरकत घेतली, की मुख शहराच्या फार जवळ आहे, भरतीबरोबर मैला परत येईल. त्यांचे तज्ज्ञ म्हणाले, मुख समुद्राकडे पुष्कळ खाली न्या. मंडळ म्हणाले, मग जादा खर्च कोणी द्यावयाचा? या वादात दोन वर्षे गेली. आपल्याकडे महापालिका व राज्य सरकार यांच्यामध्ये फाइल कशी फिरते हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना यात नवल वाटणार नाही.

१८५८ चा जून महिना विलक्षण उकाड्याचा निघाला. पाणी ओसरले, काठावर मैल्याचे थर उघडे पडले, आणि नदीकाठच्या पार्लमेंटच्या नव्या इमारतीत बसणे अशक्य झाले. पडदे चुन्याच्या क्लोराइडात भिजवून खिडक्यांना लावले; सभासद नाकाला रुमाल लावून समितीच्या खोल्यांतून बाहेर पडले. १५ जुलैस डिझरायली यांनी विधेयक आणले आणि २ ऑगस्टला त्याचा कायदा झाला. मंडळाला तीस लाख पौंडांचे कर्ज उभारण्याची मुभा मिळाली. हॉमी सरकारची, फेड लंडनच्या करदात्यांवरील पट्टीतून चाळीस वर्षांत. मंजुरीची मेखही निघाली. पटकीने हजारो माणसे मेली तेव्हा जे झाले नाही ते दुर्गंधी सभागृहात शिरल्यावर काही आठवड्यांत झाले.

काम मोठे झाले यात शंका नाही. ८२ मैलांची मुख्य गटारे बांधली गेली. १८६५ च्या एप्रिलमध्ये युवराजांच्या हस्ते क्रॉसनेसचे पंपघर सुरू झाले. १८६६ साली पटकी पुन्हा आली ती मुख्यतः पूर्व लंडनच्या ज्या भागात ही व्यवस्था अद्याप पुरी झाली नव्हती तेथे. साडेपाच हजारांवर माणसे दगावली. त्यानंतर लंडनने पटकीची मोठी साथ पाहिली नाही. १८९२ साली हॅम्बुर्गमध्ये हजारो बळी पडले तेव्हाही लंडन सुरक्षित राहिले. बॅझलगेट यांचा अर्धपुतळा नदीकाठी आहे, आणि तो योग्यच आहे.

पण येथे बहुतेक लेखक थांबतात. आमचा विषय येथून पुढे सुरू होतो.

लंडनच्या खाली बार्किंग नावाचे गाव. उत्तरेकडील गटाराचे मुख त्याच्या जवळच. १८६९ मध्ये बार्किंगचे धर्मगुरू व रहिवासी यांनी गृहमंत्र्यांकडे अर्ज केला, की आमच्या नदीत मैल्याच्या दलदली साठत आहेत. चौकशी झाली, मंडळाने आरोप नाकारले, फारसे काही निष्पन्न झाले नाही. बार्किंगचा कोणी प्रतिनिधी त्या मंडळात बसत नव्हता. पट्टी लंडनची, मते लंडनची, आणि मैला बार्किंगच्या दारी. मंडळातील माणसे दुष्ट होती असे आम्ही म्हणत नाही. ज्यांना ती जबाबदार होती त्यांचे काम त्यांनी चोख केले, आणि अडचण नेमकी तीच होती.

३ सप्टेंबर १८७८ च्या संध्याकाळी सहलीहून परतणारी ‘प्रिन्सेस ॲलिस’ ही आगबोट याच टापूत एका कोळशाच्या जहाजावर आदळली आणि काही मिनिटांत बुडाली. साडेसहाशेच्या आसपास माणसे गेली. त्याआधी सुमारे तासभर दोन्ही मुखांतून दिवसाचे मैलापाणी सोडलेले होते. पोहता येणारेही त्या पाण्यात टिकले नाहीत, अशी साक्ष वाचलेल्यांनी दिली. मृत्यू बुडून झाले की त्या पाण्याने, हा वाद मिटला नाही. मात्र नदीत काय आहे ते आता लपवता येईना. १८८२ साली लॉर्ड ब्रॅमवेल यांच्या अध्यक्षतेखाली शाही आयोग बसला. त्याने १८८४ मध्ये निर्णय दिला की कच्चे मैलापाणी नदीत सोडणे समर्थनीय नाही. निदान घन भाग वेगळा काढलाच पाहिजे. सर बेंजामिन हॉल यांची शंका अशी तीस वर्षांनी खरी ठरली. त्यांचा उपायदेखील घाण आणखी खाली ढकलण्याचाच होता, हे मात्र विसरता येत नाही.

मग चुना व लोहक्षार टाकून गाळ खाली बसवण्याचे हौद बांधले, आणि तो गाळ भरून नेण्यासाठी १८८७ पासून जहाजे निघाली. पहिल्या जहाजाचे नाव ‘बॅझलगेट’. टेम्सच्या मुखाबाहेर समुद्रात तो ओतला जाई. बार्किंगच्या लोकांना निदान अर्ज करता येत होता. समुद्राला तेही शक्य नव्हते.

१८८९ मध्ये ते मंडळ जाऊन मतदारांनी थेट निवडलेले लंडन कौंटी कौन्सिल आले. जुन्या मंडळाची अखेर लाचलुचपतीच्या चौकशीत झाली होती. या कौन्सिलचे रसायनज्ञ विल्यम डिब्डिन यांचे म्हणणे असे की सूक्ष्म जंतूंना मारू नका, त्यांना काम द्या. मैल्याचे शोधन तेच करतील. बार्किंग येथे त्यांनी कोळशाच्या चुऱ्याचा एकरभर थर करून ते दाखवले. पुढचे पाऊल मँचेस्टरच्या नगरसंस्थेने टाकले. तिच्या डेव्हीह्यूम केंद्रात आर्डर्न व लॉकेट या दोघांनी १९१४ मध्ये सिद्ध केले की मैलापाण्यात हवा खेळवून आणि तळाचा गाळ फेकून न देता तोच नव्या पाण्यात पुन्हा मिसळल्यास काही तासांत पाणी निवळते. आज जगातील बहुतेक मोठी शहरे, आपलीही, हीच रीत किंवा तिचे एखादे रूप वापरतात. हा शोध कोणा विद्यापीठाचा वा कारखान्याचा नव्हे, नगरपालिकेच्या मैलाशुद्धी खात्याचा आहे. त्या प्रयोगांमागे ज्यांची प्रेरणा होती ते गिल्बर्ट फाउलर पुढे बंगलोरच्या विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले आणि ही विद्या हिंदुस्थानात पोचली. नगरपालिकेच्या नोकरीत अशी बुद्धी टिकवून धरावी असे एके काळी एका गावाला वाटले, याचे आम्हांस अधिक कौतुक वाटते.

तरी टेम्स सुधारून पुन्हा बिघडली. लोकसंख्या, कारखाने, साबणासारखी नवी रसायने, युद्धातील मोडतोड. १९५७ साली क्यू ते ग्रेव्हसेंड या टापूत बामसारखा मासा सोडला तर मासे नांदत नाहीत असे पाहणीत आढळले. शास्त्र १९१४ पासून हाती होते. खर्चाचा ठराव नव्हता. तो झाला तेव्हा क्रॉसनेसचे नवे केंद्र १९६४ मध्ये आणि बेक्टनचे विस्तारित काम १९७० नंतरच्या दशकात पुरे झाले. १९७४ च्या नोव्हेंबरात वेस्ट थरकच्या वीजघराच्या जाळीत एक सामन मासा सापडला. त्याच वर्षी, १९७३ च्या कायद्याने, मैलापाण्याचे काम नगरसंस्थांकडून काढून साऱ्या खोऱ्यासाठी एका जलप्राधिकरणाकडे दिले गेले. खोऱ्याचा विचार एकत्र झाला हे बरे झाले. पण मतदाराच्या हातातील दोरी सुटली. १९८९ मध्ये ते प्राधिकरण खाजगी कंपनी झाले. पाऊस जोराचा झाला की बॅझलगेट यांची गटारे ओसंडून नदीत येत. ती थोपवण्यासाठीचा पंचवीस किलोमीटरांचा बोगदा २०२५ साली पूर्णपणे जोडला गेला, आणि त्याचा बोजा पाणीपट्टीवर पडला आहे.

आपल्याकडे महाराष्ट्राने १९६९ साली जलप्रदूषणाचा स्वतःचा कायदा केला, केंद्राच्या १९७४ च्या कायद्याच्या पाच वर्षे आधी. त्याखाली १९७० मध्ये मंडळही स्थापन झाले. नगरपालिकेला नोटीस देणारा कोणीतरी वर असावा, ही कल्पना बार्किंगच्या अर्जदारांनी आनंदाने स्वीकारली असती. आता नोटीस जाते, पण शुद्धीकरण केंद्र उभारण्याचा पैसा मात्र अंदाजपत्रकात नगरसेवकांनीच ठेवावा लागतो, आणि त्या पैशाने निवळणारे पाणी दुसऱ्याच्या गावी जाते. पुण्यात घरपट्टीवर चर्चा होते तेव्हा उजनीचे नाव सभागृहात किती वेळा निघते, हे इतिवृत्ते चाळून कोणा जिज्ञासू श्रोत्याने अवश्य मोजावे.

राहिला समुद्र. लंडनचा गाळ वाहणारी जहाजे १८८७ पासून शंभरांहून अधिक वर्षे चालली. ती थांबवली ती लंडनच्या कोणत्याही सभागृहाने नव्हे, तर १९९१ च्या युरोपीय निर्देशाने. १९९८ च्या अखेरीस शेवटचे जहाज रिकामे होऊन परतले. आता बेक्टन व क्रॉसनेस येथे तो गाळ जाळतात.