फिक्ह अध्यापनातील डिजिटल माध्यमे

फिक्ह म्हणजे इस्लामी विधिशास्त्र होय. नमाज, जकात, विवाह, वारसा, व्यापार इत्यादींचे नियम मूळ आधारांतून कसे काढले जातात, याचा विचार या शास्त्रात होतो. अलीकडे त्याच्या अध्यापनात ग्रंथांच्या डिजिटल आवृत्त्या, ध्वनिमुद्रित पाठ आणि मोबाइल अ‍ॅप यांचा वापर होतो.

शाळा आणि मदरसा

छत्रपती संभाजीनगरमधील (पूर्वीचे औरंगाबाद) छावणी हा भाग छावणी अधिनियम, 2006 खाली संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत येतो. तेथे काय किंवा शेजारच्या महापालिका हद्दीत काय, संपूर्णपणे शासकीय निधीवर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही (संविधान, अनुच्छेद 28). उर्दू माध्यमाच्या विद्यार्थ्याला बालभारतीच्या पुस्तकातील क्यूआर कोडवरून विज्ञानाचा पाठ पाहता येतो. फिक्हसाठी मात्र त्याला मकतब किंवा मदरसा गाठावा लागतो. महाराष्ट्र शासनाच्या डॉ. झाकिर हुसेन मदरसा आधुनिकीकरण योजनेतून (2013) मदरशांना संगणकासाठी अनुदान मिळते, पण शिक्षकांचे मानधन गणित, विज्ञान, मराठी यांसारख्या विषयांपुरतेच असते.

अध्यापनावरील परिणाम

दर्स-ए-निजामी या पारंपरिक अभ्यासक्रमात विद्यार्थी अरबी उतारा मोठ्याने वाचतो व शिक्षक तो उर्दूत उलगडतो. बाराव्या शतकातील मरगीनानी यांच्या ‘हिदाया’ या ग्रंथात अबू हनीफा, त्यांचे शिष्य व शाफई यांची मते युक्तिवादांसह येतात. ग्रंथकाराला मान्य असलेल्या मताचा युक्तिवाद बहुधा शेवटी असतो. ‘मक्तबा शामिला’सारख्या डिजिटल ग्रंथसंग्रहात शब्द क्षणात सापडतो, परंतु सुटी ओळ वाचणारा नाकारलेले मतच नियम समजू शकतो. शिक्षकाची गरज नेमकी येथेच भासते.

असाच प्रश्न नमाजाच्या वेळा दाखवणाऱ्या अ‍ॅपबाबत येतो. मराठवाड्यातील मुस्लिम प्रामुख्याने हनफी, तर कोकणी मुस्लिम शाफई आहेत. शाफई मतानुसार वस्तूची सावली (माध्यान्हीची सावली वगळून) वस्तूइतकी झाली की अस्रची वेळ सुरू होते. अबू हनीफांच्या मते ती दुप्पट व्हावी लागते. अ‍ॅपमध्ये योग्य पर्याय न निवडल्यास सुमारे तासाभराचा फरक पडतो. हा फरक वर्गात सावली मोजून दाखवता येतो, आणि अ‍ॅपपेक्षा तो अधिक लक्षात राहतो.

सजीवांच्या चित्रणाविषयी उलेमांमध्ये मतभेद असल्यामुळे काही मदरशांत चित्रफितीपेक्षा ध्वनिमुद्रित पाठांना पसंती दिली जाते.