सूत्रधाराचा गळा, दुसऱ्याचा चेहरा

खकनारहून एक रस्ता बुऱ्हाणपूरला जातो, दुसरा देडतलाईवरून मेळघाटातल्या धारणीला. खकनार तालुका मध्य प्रदेशचा, पण कानावर कोरकू, निमाडी, मराठी आणि अहिराणी अशा चार बोली पडतात. लग्नसराईत डीजेवर वाजणारी गाणीही सरहद्दीच्या दोन्ही अंगांना तीच. त्यांतली कितीतरी अशी की ती कुठल्याही सिनेमात नाहीत. तरी वरातीत नाचणाऱ्या पोरापोरींना त्या गाण्यातला नायक ठाऊक असतो, नायिकेच्या लुगड्याचा रंग ठाऊक असतो, मधल्या कडव्यात सासरा कुठून येतो तेही ठाऊक असतं. गाणं त्यांनी ऐकण्याआधी पाहिलेलं असतं. खानदेशात याला ‘अल्बम गाणं’ म्हणतात, किंवा नुसतं ‘व्हिडिओ’.

या व्हिडिओची कुळकथा सांगायची तर रिवाज असा की 1 ऑगस्ट 1981 पासून सुरुवात करायची. त्या दिवशी अमेरिकेत एमटीव्ही सुरू झालं आणि पहिलं गाणं लागलं ते बगल्स या इंग्रज जोडीचं, ‘व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार’. जाणकार त्याच्याही मागे जातात. 1975 साली क्वीनने ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ची फिल्म केली, 1966 साली बीटल्सनी दोन गाण्यांच्या फिल्मा केल्या, 1940च्या दशकात अमेरिकेतल्या खानावळींमध्ये नाणं टाकून तीन मिनिटांचा गाण्याचा चित्रपट दाखवणारी यंत्रं होती. हा वंशवेल खराच आहे. पण त्यामागची गरज नीट पाहिली तर ती आपली नाही. बीटल्सना प्रत्येक देशाच्या टीव्ही स्टुडिओत हजर राहणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी आपली फिल्म पुढे पाठवली. गायकाच्या गैरहजेरीत गायकाचा चेहरा पोचवायचा, हे तिकडच्या व्हिडिओचं मूळ काम. आपल्याकडे गायक समोर हजर असायचा. तरीही गाण्याला दुसऱ्याच कुणाचा तरी चेहरा द्यायची चाल होती, आणि ती बरीच जुनी आहे.

5 नोव्हेंबर 1843. सांगलीच्या दरबारात विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं. मराठी रंगभूमीचा जन्मदिवस म्हणून ही तारीख सगळ्यांना पाठ असते, पण त्या नाटकाची बांधणी फारशी कुणी आठवत नाही. पदं गायचा तो सूत्रधार, टाळ-मृदंगाच्या साथीने, बाजूला उभा राहून. राम, रावण, सीता गात नसत. सूत्रधाराचं पद चाललेलं असताना पात्रं हातवारे करत, तोऱ्यात फिरत, रुसत, रागावत. आणि पद संपलं की आपापलं भाषण मनानेच जुळवून बोलत. म्हणजे गळा एकाचा, अंग दुसऱ्याचं. 1880 साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ केलं तेव्हा पात्रंच गाऊ लागली आणि नटाला गळा हवाच असा दंडक पडला. पुढची पन्नास-पंचावन्न वर्षं तो टिकला. मग 1935 साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्समध्ये नितीन बोस यांनी ‘धूपछाँव’साठी गाणं आधी ध्वनिमुद्रित करून नटांना त्यावर ओठ हलवायला लावले. याला क्रांती म्हणतात. मला ती घरवापसी वाटते. सूत्रधार पुन्हा बाजूला जाऊन उभा राहिला, एवढंच की आता तो दिसेनासा झाला.

चित्राची बाजूही तितकीच जुनी. सिंधुदुर्गातल्या कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी हाताने रंगवलेली चित्रं एकामागून एक समोर धरत आणि वीणा, टाळ, हुडूक यांच्या साथीने रामायण-महाभारतातली आख्यानं गात. चित्र हलत नसे. गाणाऱ्याचा सूर बदलला की पाहणाऱ्याला त्याच चित्रातला राम हललेला वाटे. ही कला जगवणाऱ्या परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली.

त्यानंतरची पायरी कल्याणची. तिथल्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी 1892 च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिका’ दाखवायला सुरुवात केली. काचेवर हाताने रंगवलेली चित्रं, मागून उजेड, पुढे पडदा. काचा सरकवण्याची अशी युक्ती की चित्रातली माणसं हालचाल करताहेत असं भासावं. आणि सोबतीला निवेदन नि संगीत. रामायणातले प्रसंग होते, सर्कससुद्धा होती. अमेरिकेत गाणं म्हणताना काचेवरची चित्रं दाखवायचा धंदा फोफावला तो 1894 नंतर, एका हरवलेल्या मुलीच्या गाण्यापासून, आणि आज पुष्कळ पुस्तकं त्यालाच म्युझिक व्हिडिओचा पूर्वज ठरवतात. पटवर्धन त्याच्याही आधी गावोगाव हिंडत होते. वंशावळ लिहायची तर कल्याणचं नाव त्यात हवं.

आता प्रश्न असा की चित्र गाण्याला देतं काय? ‘कमळ’ शब्द आला की कमळ दाखवायचं, एवढ्याने काही भागत नाही. याचं सर्वांत चोख उत्तर प्रभातने दिलं, ‘संत तुकाराम’मध्ये, 1936 साली. दामले-फत्तेलालांच्या या चित्रपटात सुरुवातीलाच एक अभंग विष्णुपंत पागनिसांचा तुकाराम गातो, मग तोच अभंग सालोमालो आपला म्हणून ठेक्यात, नखऱ्यात सादर करतो. शब्द तेच. एकाचे डोळे मिटलेले, दुसऱ्याची नजर श्रोत्यांकडे. चोर कोण हे पाहणाऱ्याला कुणी सांगावं लागत नाही. अभंगात जे नाही ते चित्राने सांगितलं. तीन वर्षांनी ‘माणूस’मध्ये शांता हुबळीकरांच्या तोंडी शांतारामबापूंनी एकच गाणं अनेक भाषांतून फिरवलं, कोठ्यावर नाना प्रांतांचं गिऱ्हाईक येतं ही गोष्ट त्यातून न सांगता कळते. गाण्यात न मावलेली गोष्ट चित्राने सांगायची, हे मर्म तेव्हाच सापडलं होतं.

गळ्याची आणि चेहऱ्याची फारकत मग इतकी अंगवळणी पडली की गमतीही झाल्या. बुऱ्हाणपूर 2003 पर्यंत ज्या खंडवा जिल्ह्यात होतं, त्या खंडव्याला 1929 साली किशोरकुमार जन्मले. साऱ्या हिंदी पडद्याला उसना गळा देणारा हा माणूस. पण 1958 च्या ‘रागिणी’त पडद्यावर किशोरकुमार आणि आवाज मोहम्मद रफींचा! प्रेक्षकांनी तेही गोड मानून घेतलं.

दूरदर्शनवरच्या ‘छायागीत’ आणि ‘चित्रहार’ने आणखी एक गोष्ट केली. गाणं सिनेमातून कापून काढलं. नायिका का रडते, नायक पावसात कशाला उभा, हे सिनेमा न पाहिलेल्याला कळायला मार्ग नव्हता. मग घराघरांतून लोकांनी आपापली गोष्ट रचली. तीन-चार मिनिटांतच पुरी होणारी गोष्ट पाहायची सवय लागली ती इथे. 1995 साली आलिशा चिनॉयच्या ‘मेड इन इंडिया’ने इंडीपॉपची लाट आणली. त्यात गाणारीच राजकन्या होती, म्हणजे तो बीटल्सच्या वंशातला व्हिडिओ. शहरात तो गाजला. पण केबलवरची संगीत वाहिनी सातपुड्याच्या पायथ्याशी कितीशी पोचणार?

तिथे पोचली ती व्हीसीडी. दोन हजार सालाच्या पुढेमागे ती बाजारात ढिगाने मिळू लागली. एका तबकडीवर तासा-सव्वा तासाचा मजकूर, म्हणजे आठ-दहा गाणी सहज. चित्राचा दर्जा मात्र बेताचा: 352 बाय 288 ठिपके. लांबून घेतलेलं दृश्य त्यात चिखल होऊन जाई. म्हणून चेहरे जवळून, लुगडी भडक, डोंगर नावापुरता. पुष्कळांना ही खेडवळ आवड वाटली. निम्मं कारण त्या ठिपक्यांत होतं. व्हीसीडी गेल्यावर मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्डात गाणी ‘भरून’ मिळू लागली. मग सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं आणि यूट्यूब खिशात शिरलं.

खानदेशी व्हिडिओचं खरं राज्य त्यानंतरचं. सचिन कुमावत यांच्या ‘बबल्या इकस केसावर फुगे’ या गाण्याच्या नावातच फेरीवाल्याचा अख्खा धंदा आहे: बायकांचे गळालेले केस घ्यायचे आणि बदल्यात पोरांना फुगे द्यायचे. विनोद कुमावत यांच्या ‘हाई झुमका वाली पोर’ला यूट्यूबवर कोट्यवधी प्रेक्षक मिळाले, अहिराणीचा गंध नसलेलेसुद्धा. या व्हिडिओंच्या दुनियेत गाणाऱ्याचा गळा आणि पडद्यावरचा चेहरा बहुतेक वेळा वेगळा असतो आणि त्याचं कुणालाच काही वाटत नाही. भाव्यांचा सूत्रधार इथे पक्का मुरलेला आहे.

यांतल्या पुष्कळ व्हिडिओंत गाणं लगेच सुरू होत नाही. आधी बोलाचाली होते. मित्र टिंगल करतो, आई शिव्या घालते, पोरीचा बाप खाटेवरून उठतो. त्यात मिनिट-दोन मिनिटं जातात. शहरी माणूस हा भाग बोटाने पुढे ढकलतो. पण तमाशा पाहिलेल्याला हे ओळखीचं वाटेल. गण, गवळण, मग बतावणी, मग वग. त्यातली बतावणी इथे गाण्याच्या दारात येऊन बसली आहे. लंडन-न्यूयॉर्कहून ती आलेली नाही. मायकल जॅक्सनच्या 1983 च्या ‘थ्रिलर’मध्ये जवळपास चौदा मिनिटांची गोष्ट होती हे खरं, पण खानदेशातल्या पोराने ती पाहून बतावणी लिहिली असं म्हणणं म्हणजे शेजारच्या आजीला सोडून परदेशी आजी शोधण्यातला प्रकार.

शूटिंगची रीतही ऐकण्यासारखी. गाणं आधी स्टुडिओत तयार. शेतात किंवा किल्ल्यावर ते स्पीकरवर लावतात आणि कलाकार ओठ हलवतात. ओढणी संथ लहरावी पण ओठ मात्र सुरात हलावेत असं हवं असेल, तर गाणं दुप्पट वेगाने वाजवतात आणि सेकंदाला 25 ऐवजी 50 चित्रं घेतात. कलाकार घाईघाईने ओठ हलवून मोकळा होतो. मग ते चित्रण निम्म्या वेगाने दाखवलं की ओठ गाण्यावर अचूक पडतात आणि बाकी जग तरंगत राहतं. पडद्यावर स्वप्नाळू दिसणारी नायिका प्रत्यक्षात त्या क्षणी धापा टाकत असते.

एवढं कसब असूनही यांतले बरेच व्हिडिओ एकदा पाहून विसरावे असे होतात. शब्द झुमक्याचा, चित्र झुमक्याचं. शब्द गाडीचा, चित्र गाडीचं. ‘केसावर फुगे’सारखा विषय सापडतो तेव्हा एक अख्खं गाव मागे उभं राहतं. तो सापडला नाही की भाड्याची मोटार आणि काळा चष्मा उरतो.

खकनारच्या बाजूला विषयांची वाण नाही. कोरकूंचं खंब स्वांग आहे: गावात मेघनाथाचा खांब रोवायचा आणि नवरात्रापासून देवउठनी एकादशीपर्यंत रात्री त्याच्याभोवती गाणी, नाच, सोंगं. म्हणजे गाणं, गोष्ट आणि देखावा आधीच एकत्र बांधलेला. चैत्र-वैशाखात थापटी नाच, बायांच्या हातात वाजते चिटकोरे. गादली-सुसुन हा नाच वेगळाच. कोरकू गाण्यांचे व्हिडिओही आता निघतात, आणि त्यांत एक खोड शिरली आहे ती ड्रोनची. वरून घेतलेलं रिंगण सुंदर दिसतं, पण नाच असतो पावलात आणि चिटकोऱ्यात. वरून दिसतात नुसती डोकी. त्यातही चिटकोऱ्याचा आवाज काढून त्यावर कीबोर्डचा ठेका चढवला की थापटी ओळखू येणार कशी? खकनार-धारणीच्या बाजूला जी पोरं कॅमेरे घेऊन हिंडताहेत त्यांना एवढंच सांगणं आहे: ड्रोन जरा उतरवा, कॅमेरा पावलांशी आणा, नाचाचा आवाज जागेवरच टिपा आणि गाणं कोणत्या गावच्या बायांनी म्हटलं ते गाव पडद्यावर लिहा.