ठिणगीविना मोजणी: दोन तारांच्या सेन्सरचा इतिहास

१/ ऱ्हाइन नदीच्या एका तीरावर मानहाइम, दुसऱ्या तीरावर लुडविग्सहाफेन. तेथील बीएएसएफच्या रासायनिक कारखान्यात यांत्रिक स्विच ही मोठी अडचण होती. त्यांचे संपर्कबिंदू झिजत, गंजत. आणि ज्वलनशील वायूंच्या सान्निध्यात एवढीशी ठिणगीही अनर्थ घडवू शके.

२/ उत्तर मानहाइममधून आले. रेडिओ दुरुस्तीचे दुकान म्हणून १९४५ साली सुरू झालेल्या पेपर्ल अँड फुक्समध्ये वाल्टर पेपर्ल आणि विल्फ्रिड गेल यांनी १९५८ साली स्पर्शाविना चालणारा प्रॉक्सिमिटी स्विच सिद्ध केला.

३/ सेन्सरमधील वेटोळे उच्च वारंवारितेचे चुंबकीय क्षेत्र निर्माण करते. धातू जवळ येताच त्यात भोवरप्रवाह उठतात, ऊर्जा शोषली जाते आणि सेन्सरचा प्रवाह घटतो. फिरत्या दंतचक्राचा प्रत्येक दात असा एक स्पंद देतो. दात ६० असतील, तर सेकंदाचे स्पंद म्हणजेच मिनिटाचे फेरे.

४/ परंतु हा बदल मोजक्या मिलिअँपिअरचा. औद्योगिक काउंटर बहुधा २४ व्होल्टचा स्पंद ओळखणारा. पुढे ‘नामुर’ नावाने रूढ झालेल्या मानकाने हा दुवा निश्चित केला: पुरवठा ८.२ व्होल्ट, प्रवाह १.२ मिलिअँपिअरखाली असेल तर धातू समोर, २.१ च्या वर असेल तर नाही. मधला विलगक अ‍ॅम्प्लिफायर हा फरक काउंटरच्या भाषेत आणतो.

५/ प्रवाह शून्यावर आला, तर तार तुटली. मर्यादेपलीकडे वाढला, तर शॉर्ट सर्किट. थांबलेले यंत्र आणि तुटलेली तार यांतला जो भेद साध्या स्विचला सांगता येत नसे, तो या दोन तारा सांगू लागल्या.