म्यूलहाउझेन, ४ फेब्रुवारी १७०८

सेंट मेरी चर्चच्या दगडी फरशीवर तुम्ही उभे आहात. थंडी तळव्यांतून वर चढते आहे. थुरिंगियातले हे शहर बादशहाखेरीज कुणालाच मानत नाही, आणि आज त्याची नवी नगरपरिषद कारभार हाती घेणार आहे. येताना आगीच्या खुणा तुम्ही पाहिल्यात. गेल्या मे महिन्यात इथली शेकडो घरे जळाली.

बाविशीतला एक ऑर्गनवादक वादकांना जागा दाखवतो आहे. योहान सेबास्टियन बाख. नोकरी खरे तर सेंट ब्लाझियस चर्चमधली. लग्नाला चार महिनेही झालेले नाहीत. तीन ट्रम्पेट आणि टिम्पनी, दोन रेकॉर्डर आणि चेलो, दोन ओबो आणि बासून, तंतुवाद्ये असे वेगवेगळे ताफे त्याने पाडले आहेत.

ट्रम्पेट कडाडतात. देव माझा राजा आहे, असे गायकवृंद गर्जतो. मग एकदम सारे थांबते आणि टेनर म्हातारपणाबद्दल गाऊ लागतो. वरून सोप्रानो एक जुने भजन त्यात गुंफते. नव्या महापौरांपैकी आडोल्फ श्ट्रेकर ऐंशी ओलांडलेले आहेत. हे गाणे कुणासाठी आहे, ते सगळ्यांना कळते.

पण तुम्ही आलात ते या कँटाटाच्या सहाव्या भागासाठी. ट्रम्पेट गप्प आहेत. चेलो एकच हेलकावा पुन्हा पुन्हा घेतो, फुंकवाद्ये उसासे टाकतात. होल्याचा जीव शत्रूच्या हाती देऊ नकोस, एवढीच विनवणी गायकवृंद हळूहळू करतो. शब्द ७४व्या स्तोत्रातले. त्याच स्तोत्रात जाळलेल्या मंदिराचा विलापही आहे. जळलेल्या गावात हे शब्द नुसते धर्मग्रंथातले राहत नाहीत. शेवटी सगळे आवाज एकाच सुरात मिळतात, जुन्या मठांतल्या स्तोत्रगायनासारखे. इथे दिखाऊ कौशल्य औषधालाही नाही. पुढच्या पॅशन रचनांतली करुणा मला इथेच पूर्ण उमललेली दिसते. याला उमेदवारीच्या काळातले काम म्हणणे मला पटत नाही.

परिषदेने हा कँटाटा स्वखर्चाने छापला. बाखची छापून आलेली ही पहिली रचना. त्याच वर्षी जूनमध्ये त्याने राजीनामा दिला आणि तो वायमारला गेला.

बाखच्या रचनांच्या सूचीत हा कँटाटा ७१ क्रमांकावर आहे. आधी सहावा भाग ऐका, मग ट्रम्पेटकडे वळा.