दोन शिलिंग आठ पेन्स

सुरुवात एका सोप्या गणितानं करू. जुन्या इंग्रजी चलनात बारा पेन्सचा एक शिलिंग होत असे आणि वीस शिलिंगांचा एक पौंड. मूल वाचनात पास झालं तर दोन शिलिंग आठ पेन्स, लेखनात पास झालं तर तेवढेच आणि अंकगणितात झालं तर पुन्हा तेवढेच. तिन्ही मिळून झाले बरोबर आठ शिलिंग. १८६२ साली इंग्लंडच्या सरकारनं प्राथमिक शाळांसाठी जी सुधारित अनुदान-संहिता लागू केली, तिच्यात सहा वर्षांवरच्या मुलाच्या शिक्षणाचं मोल असं ठरवलेलं होतं. याखेरीज सरासरी हजेरीवर दर मुलामागे चार शिलिंग मिळत. म्हणजे बारा शिलिंगांपैकी आठ परीक्षेवर अवलंबून. मूल एका विषयात नापास झालं, की शाळेच्या पैशातून दोन शिलिंग आठ पेन्स कापले जात.

जो जास्त काम करतो त्याला जास्त पैसे द्यावेत, ही कल्पना काही नवी नव्हती. कापड गिरणीत नगावर मजुरी मिळतच होती. पण कापड वारानं मोजता येतं. शिकवण्याचं काम कशानं मोजायचं? शिक्षकाच्या कामाला गिरणीचा हिशेब लावण्याचा हा प्रयोग तीस वर्षांहून अधिक काळ चालला. कामाच्या ठिकाणी बक्षिसं, बोनस, प्रोत्साहन भत्ते यांच्या योजना आजही निघत असतात आणि त्यांत शाळाही येतात. तेव्हा हा जुना प्रयोग आपण शिक्षकांनी जरा बारकाईनं पाहायला हवा.

ज्या रोगावर हा उपाय होता तो रोग खरा होता, हे आधी मान्य करू या. सरकारनं शाळांना पहिल्यांदा मदत दिली १८३३ साली, फक्त वीस हजार पौंड. १८६१ पर्यंत ती आठ लाखांच्या वर गेली. एवढ्या पैशातून काय साधतं हे पाहण्यासाठी ड्यूक ऑफ न्यूकॅसल यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. त्याच्या १८६१च्या अहवालातला सूर असा होता, की शिक्षक वरच्या वर्गांतल्या हुशार मुलांवर मेहनत घेतात, धाकट्यांकडे दुर्लक्ष करतात आणि बहुसंख्य मुलं धड वाचता येण्याआधीच शाळा सोडून कामाला लागतात. तेव्हा शिक्षण खात्याची सूत्रं रॉबर्ट लो यांच्या हाती होती. मनुष्य तीक्ष्ण बुद्धीचा, ‘टाइम्स’मध्ये अग्रलेख लिहिणारा आणि खुल्या बाजारपेठेवर गाढ विश्वास असणारा. नवी योजना स्वस्त पडली नाही तर निदान कार्यक्षम ठरेल आणि कार्यक्षम ठरली नाही तर निदान स्वस्त पडेल, अशा आशयाचं आश्वासन त्यांनी पार्लमेंटात दिलं. त्यातलं स्वस्त पडण्याचं आश्वासन लवकरच खरं झालं. १८६१ साली सुमारे ८ लाख १३ हजार पौंड असलेलं अनुदान १८६५ साली ६ लाख ३७ हजारांवर आलं.

योजनेची यंत्रणा अशी होती. अभ्यासक्रमाचे सहा टप्पे पाडले होते. पहिल्या टप्प्यात एका अवयवाच्या सोप्या शब्दांचं वाचन आणि वीसपर्यंतचे आकडे, तर सहाव्यात वर्तमानपत्रातला छोटा उतारा आणि व्यवहारातली बिलं. वर्षात सकाळची किंवा दुपारची अशी दोनशेहून अधिक सत्रं हजर असलेल्या मुलालाच परीक्षेला बसवता येई, आणि एकदा एका टप्प्याला बसवलेलं मूल पुन्हा त्याच टप्प्याला बसवायचं नाही. तपासनीस वर्षातून एकदा यायचे, एकेका मुलाला समोर उभं करायचे आणि खुणा करायचे. आणखी एक बदल सहज नजरेतून निसटतो. पूर्वी प्रमाणपत्रधारक शिक्षकाला पगाराखेरीज सरकारी भर मिळत असे. आता सगळा पैसा संस्थाचालकांकडे जाऊ लागला आणि शिक्षकाला काय द्यायचं हे ते ठरवू लागले. त्यामुळे नापास मुलाचा भुर्दंड शेवटी कोणाच्या खिशावर पडायचा, हे वेगळं सांगायला नको.

पुढे जे घडलं ते कोणत्याही शिक्षकाला अंदाजानं सांगता येईल. वर्षाला एक वाचनपुस्तक ठरलेलं असे. ते मुलांकडून इतकं घोकून घेतलं जाई, की पुस्तक उलटं धरूनही मुलं घडाघडा ‘वाचून’ दाखवत. तपासणीच्या दिवशी आजारी मुलांनाही शाळेत आणून बसवल्याच्या हकिकती आहेत. शेवटी त्या एका दिवसावर आठ शिलिंग टांगलेले होते.

कवी आणि समीक्षक म्हणून प्रसिद्ध असलेले मॅथ्यू अर्नल्ड १८५१ ते १८८६ अशी पस्तीस वर्षं शाळा तपासनीस होते. नोकरीत असताना, ज्या खात्याकडून पगार मिळतो त्याच खात्याच्या योजनेवर त्यांनी १८६२ साली एका मासिकात नाव न घालता कडक लेख लिहिला. नंतरच्या अधिकृत अहवालांतही ते हेच मांडत राहिले. मुलांना खरोखर वाचता, लिहिता, हिशेब करता येत नसतानाही हुशारीनं तयारी करून घेतली तर त्यांना या तिन्ही विषयांत पास करवता येतं, हे त्यांचं निरीक्षण होतं. आम्हा प्रयोगशाळेतल्या मंडळींना हे वाक्य ओळखीचं वाटतं. गरम पाण्याच्या छोट्या थेंबात मोठा गार तापमापक बुडवला, तर पाण्याचं मूळ तापमान कळत नाही, कारण मोजण्याच्या क्रियेनंच ते बदललेलं असतं. इथे तर मापावर पैसेही लावलेले होते.

जे विषय मोजले जात नव्हते त्यांचं काय झालं? हॅम्पशर परगण्यातल्या किंग्ज सोम्बोर्न या खेड्यात रिचर्ड डॉज या पाद्रीबुवांनी १८४०च्या दशकात एक शाळा चालवली होती. शेतमजुरांच्या मुलांना तिथे घरातली चूल, किटलीतली वाफ, शेतातली माती यांच्या आधारानं विज्ञान शिकवलं जाई, आणि ‘रोजच्या वस्तूंचं विज्ञान’ म्हणून ही पद्धत इतर शाळांतही पसरू लागली होती. नव्या संहितेत विज्ञानाला एक पेनीही नव्हती. विज्ञानावर कुणी बंदी घातली नव्हती, तरी ते वर्गातून बाहेर पडलं. १८६७ पासून जादा विषयांसाठी थोडं अनुदान सुरू झालं, पण तोवर बरंच नुकसान झालेलं होतं.

मात्र चित्राला दुसरी बाजूही आहे आणि ती लपवणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. लंडनमधल्या विज्ञान व कला खात्यानं १८५९ पासून विज्ञानाच्या वर्गांसाठी अशीच निकालावर पैसे देण्याची पद्धत सुरू केली होती. जीवशास्त्रज्ञ टी. एच. हक्स्ली तिथे परीक्षक होते. मुलं पास होण्यासाठी अभ्यास करतात, समजण्यासाठी नव्हे, याचा त्यांना मनस्वी संताप येई. पण याच पद्धतीमुळे १८८३ साली मिडहर्स्ट गावच्या शाळेचे मुख्याध्यापक होरेस बायट यांनी कापडदुकानातली उमेदवारी सोडून आलेल्या सतरा वर्षांच्या एका मुलाला शिकाऊ शिक्षक म्हणून घेतलं. संध्याकाळचे विज्ञानवर्ग त्यांनी कागदोपत्री चालवायचे आणि या मुलानं पुस्तकं वाचून एकामागून एक परीक्षा द्यायच्या. पैसे मिळत बायटसाहेबांना. मुलानं इतक्या परीक्षा उत्तम रीतीनं पार केल्या, की पुढच्या वर्षी त्याला लंडनच्या विज्ञान शिक्षक घडवणाऱ्या संस्थेत शिष्यवृत्ती मिळाली आणि तो थेट हक्स्लींच्याच वर्गात जाऊन बसला. त्या मुलाचं नाव एच. जी. वेल्स.

ही पद्धत बोटीत बसून आपल्याकडेही आली. १८६०च्या दशकापासून मुंबई इलाख्यातल्या खाजगी शाळांना निकालावर अनुदान मिळू लागलं. १८८२च्या हंटर आयोगानं महाविद्यालयांना ही पद्धत लावू नये असं सांगितलं, प्राथमिक शाळांसाठी मात्र ती बव्हंशी कायम ठेवली. मागास भागातल्या शाळांना तेवढी सूट दिली. इंग्लंडमध्ये १८९०च्या दशकात ती टप्प्याटप्प्यानं संपली. आपल्याकडे ती १९०४च्या शैक्षणिक ठरावानंतर मोडीत निघाली. ज्यानं ती लादली त्याच्यानंतर काही वर्षांनी वसाहतीत ती बंद व्हावी, हे तेव्हाच्या रीतीला धरूनच झालं. सवयी मात्र नियमांबरोबर जात नाहीत. दहावीचा निकाल शंभर टक्के लागावा म्हणून नववीतच लावली जाणारी गाळणी आपल्या ओळखीची आहे. तिच्यामागे शिलिंग नाहीत, फाटकावरचा फलक आहे.

मग पैशाचं प्रोत्साहन नेहमीच फसतं का? तसं म्हणायला पुरावा साथ देत नाही. पश्चिम केनियात १९९८-९९ मध्ये शंभर शाळांत प्रयोग झाला. निम्म्या शाळांतल्या शिक्षकांना मुलांच्या गुणांवर बक्षिसं होती. गुण वाढले, पण शिक्षकांची हजेरी वाढली नाही. वाढले ते परीक्षेच्या तयारीचे जादा तास, आणि बक्षिसं थांबल्यावर गुणांतली वाढही टिकली नाही. अमेरिकेतल्या अटलांटा शहरात २०११ साली चौकशी झाली, तेव्हा ४४ शाळांतल्या १७८ शिक्षक-मुख्याध्यापकांनी उत्तरपत्रिकांमध्ये फेरफार केल्याचं किंवा त्यात हात असल्याचं दिसून आलं.

आंध्र प्रदेशात २००५ पासून झालेल्या प्रयोगाचं उत्तर वेगळं आलं. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी तो २०११ साली प्रसिद्ध केला. शंभर ग्रामीण शाळांत एकेका शिक्षकाला, शंभर शाळांत सगळ्या शिक्षकांना मिळून बोनस, आणि तुलनेसाठी शंभर शाळा बोनसविना. दोन वर्षांनी बोनसच्या शाळांतली मुलं गणितात ०.२७ आणि भाषेत ०.१७ प्रमाण विचलनांनी पुढे होती. विशेष म्हणजे ज्या विषयांवर बोनस नव्हता, त्या विज्ञान आणि समाजशास्त्रातही ती पुढे होती. किंग्ज सोम्बोर्नच्या अगदी उलट! रचनेत दोन गोष्टी वेगळ्या होत्या. पैसे पास-नापासवर नसून मूळ गुणांपासून सरासरी किती वाढली यावर होते. आणि कच्चं मूल परीक्षेच्या दिवशी गैरहजर ठेवून शिक्षकाला काही मिळणार नाही, अशी तजवीज सूत्रातच होती. शिवाय प्रश्न निव्वळ पाठांतराचे नव्हते. संकल्पना समजली आहे का हे तपासणारेही होते.

या शाळांतही शिक्षकांची हजेरी काही सुधारली नाही. पण जे आले त्यांनी जादा तास घेतले आणि कच्च्या मुलांकडे जास्त लक्ष दिलं, असं त्यांनी स्वतः सांगितलं. बोनसची रक्कम सरासरीनं वर्षाच्या पगाराच्या सुमारे तीन टक्के होती.