बायोस आणि जीव

भनपुरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका वजनकाट्याच्या संगणकावर बायोस, म्हणजे यंत्र सुरू करणारा मूळ प्रोग्राम, अपडेट होत असताना वीज गेली. मग पंखा फिरायचा, पण पडदा काळाच. रायपुरातल्या कारागिराकडे नेल्यावर तो म्हणाला, “बायोस उड़ गया है, जान डालनी पड़ेगी.” त्या ‘जान’पाशी मी अडकलो. ग्रीक भाषेत ‘बिओस’ म्हणजे जीवनच!

हा बिओस आपल्या ‘जीव’चा सख्खा भाऊ. मूळ इंडो-युरोपीय भाषेतला ‘ग्व’सारखा ध्वनी ग्रीकमध्ये ‘ब’ झाला; संस्कृतात तो ‘ग’ राहिला किंवा पुढच्या स्वरामुळे ‘ज’ झाला. गाय पाहा: आपली गौः, त्यांची बूस. लॅटिनचा ‘वीवुस’, म्हणजे जिवंत, त्याच कुळातला.

मग १९७५च्या आसपास सीपी/एम प्रणाली रचताना गॅरी किल्डॉलने हे नाव जाणूनबुजून ठेवले का? विरोधक म्हणतील, ही ‘बेसिक इनपुट आउटपुट सिस्टिम’ची आद्याक्षरे, शेजारच्या भागाचे नाव ‘बीडॉस’, त्यात कुठला ग्रीक अर्थ? हा पुरावा वजनदार आहे, मान्य. पण यंत्र बदलले की किल्डॉलच्या रचनेत बायोस तेवढा नव्याने लिहावा लागे, बीडॉस तसाच राही. नव्या देहात प्राण घालणाऱ्या भागालाच हे नाव मिळावे आणि डॉक्टरेट केलेल्या माणसाला त्यात ‘बायोलॉजी’ ऐकू येऊ नये, हे मला पटत नाही.

आयबीएमने १९८१ साली आपल्या पीसीत बायोस कायमच्या चिपमध्ये बसवला. पुढे तोशिबाच्या फुजिओ मासुओकांची फ्लॅश मेमरी आली. सगळे एका झटक्यात पुसले जाते, म्हणून त्यांच्या सहकाऱ्याला कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला आणि नाव पडले. पुसता येऊ लागले म्हणूनच बायोस मरूही लागला: २६ एप्रिल १९९९ला सीआयएच व्हायरसने जगभर असंख्य बोर्ड निकामी केले.

कारागिराने आठ पायांच्या चिपला क्लिप लावली, प्रोग्रामर यंत्राने ती दोनदा वाचून दोन्ही फाइली ताडून पाहिल्या, मग नवी लिहून पुन्हा पडताळली. पडदा उजळला.

तुमच्यावर ही वेळ आली तर आधी चिपचे व्होल्टेज पाहा, १.८ व्होल्टच्या चिपला ३.३ देऊ नका. आणि वाचलेली जुनी फाइल जपून ठेवा. बऱ्याच बोर्डांचा अनुक्रमांक आणि नेटवर्कचा मॅक पत्ता त्याच चिपमध्ये असतो.